गाडीशिवाय सिसिली, तेही हिवाळ्यात: मुक्काम कुठे करावा, बस कुठली धरावी, काय गाळावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं जोडपं, सोबत अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुखरे. २४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी, अकरा रात्री इटलीच्या सिसिली बेटावर. गाडी चालवायची नाही. सासूबाई आणि सूनबाई शाकाहारी. पालेर्मोपासून सुरू करून त्रापानी, अग्रिजेंतो, रगूझा, सिराकुझा, एटना ज्वालामुखी, ताओर्मिना आणि जमलंच तर लिपारीची बेटं, असा पूर्ण वळसा घालायचा बेत आहे. जवळजवळ दररोज नवं गाव. ‘हे बसने आणि रेल्वेने जमेल का?’

गाडीशिवाय सिसिली उत्तम होते. तुमचा हा बेत मात्र होणार नाही. तो गाडीवाल्यांचा, तोही मे महिन्यातला बेत आहे. स्वतंत्र प्रवास करणाऱ्यांना युरोपची आखणी करून देणं हा माझा धंदा आहे आणि सिसिलीला मी स्वतःही बहुतेक हिवाळ्यातच जाते, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते.

बेटाला प्रदक्षिणा घालण्याचा विचार आधी सोडा. नकाशावर सिसिली आटोपशीर दिसते, पण ती गोव्याच्या जवळजवळ सातपट आहे. उत्तर आणि पूर्व किनाऱ्याने रेल्वे चांगली आहे, पालेर्मोहून आडवी अग्रिजेंतोपर्यंतही बरी आहे. दक्षिण किनाऱ्याने मात्र सलग आणि सोयीची रेल्वे नाही. तिथे बस, तीही गावागावांत थांबत जाणारी. गाडीवाला अग्रिजेंतोहून रगूझाला सरळ किनाऱ्याने जातो. तुम्हाला बहुतेक वेळा आधी कातानिया गाठून मग दक्षिणेला उतरावं लागेल. अशी दर दिवसाआड बॅगा भरायची वेळ आली तर सासूबाई तिसऱ्या दिवशीच ‘मी हॉटेलवरच थांबते, तुम्ही जाऊन या’ म्हणतील.

म्हणून चार मुक्काम ठेवा आणि तिथून जाऊन-येऊन फिरा. पालेर्मो चार रात्री, अग्रिजेंतो दोन, सिराकुझा तीन, कातानिया दोन. विमान पालेर्मोला उतरणारं आणि कातानियाहून परतणारं, एकाच तिकिटावर घ्या. मुंबईहून थेट विमान नाहीच, मध्ये एकदा बदलावंच लागतं. मग येताना एक आणि जाताना दुसरा विमानतळ घेतल्याने भाड्यात बहुधा फारसा फरक पडत नाही आणि बेट उलटं पार करायचा अख्खा दिवस वाचतो.

आता हिवाळ्याचं म्हणाल तर थंडीपेक्षा उजेड आणि वेळापत्रक ह्या दोन गोष्टी जास्त छळतात. जानेवारीअखेर तिथे सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. त्यातही दुपारी साडेबारा-एकपासून साडेतीन-चारपर्यंत बरीच चर्च बंद, छोटी दुकानं बंद. म्हणजे बघायचं ते सकाळी. नवाला बाहेर पडून एकपर्यंत मुख्य ठिकाण उरकायचं, मग निवांत जेवायचं आणि संध्याकाळी गावातल्या गावात रमतगमत फिरायचं. रात्रीची जेवणघरं साडेसातच्या आधी उघडत नाहीत, आठ म्हटलं तरी चालेल. साडेसातला जेवणाऱ्या माणसाने चारच्या सुमारास काहीतरी पोटात ढकलून ठेवावं.

वेळापत्रकाकडे नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. रेल्वेचं सोपं आहे: त्रेनितालिया ह्या इटलीच्या रेल्वे कंपनीच्या अ‍ॅपवर दिसतं, प्रादेशिक गाड्यांचं भाडं अंतरावर ठरलेलं असतं, आधी काढलं म्हणून स्वस्त पडत नाही. सहा महिने आधी तिकिटं काढून स्वतःला बांधून घेऊ नका. कागदी तिकीट काढलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते छापून घ्या. मोबाइलवरच्या तिकिटाला ‘चेक-इन’ करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो आणि ‘आम्ही परदेशी’ हे कारण चालत नाही.

बसचं प्रकरण वेगळं. मोठ्या शहरांमधल्या बस, म्हणजे पालेर्मो–कातानिया, अग्रिजेंतो–कातानिया, ह्या साइस आणि इतर खाजगी कंपन्या चालवतात. गाड्या चांगल्या, तिकीट ऑनलाइन मिळतं. लहान गावांकडे जाणाऱ्या बस मात्र मुळात शाळेच्या पोरांसाठी आणि नोकरदारांसाठी आहेत. सकाळी सहा-सातला गावातून शहराकडे, दुपारी एक-दोनला शहरातून गावाकडे. आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. म्हणून थांब्यावर किंवा पीडीएफमध्ये तीन शब्द शोधायचे. ‘फेरियाले’ म्हणजे सोमवार ते शनिवार. ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सण. ‘स्कोलास्तिको’ लिहिलेली बस फक्त शाळा चालू असतानाच धावते. नाताळच्या सुट्टीत, साधारण ६ जानेवारीपर्यंत, ह्या शेवटच्या प्रकारच्या बस गायब होतात आणि लोक थांब्यावर तासन्‌तास उभे राहतात. तुम्ही जानेवारीअखेर जाताय, शाळा चालू असतील, म्हणजे ह्या बाबतीत तुमच्या तारखा नाताळवाल्यांपेक्षा चांगल्या आहेत.

रविवारी बाहेरगावी जायचा बेत शक्यतो करायचा नाही. रगूझाकडची रेल्वे रविवारी नसल्यातच जमा असते, एटनाला वळसा घालणारी चिरकुमेत्नेआ ही छोटी रेल्वे तर रविवारी बंदच. पालेर्मो किंवा सिराकुझा अशा शहरातच रविवार काढावा. महिन्याचा पहिला रविवार आला तर सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्व स्थळं फुकट असतात, ते बघून घ्या.

आणखी एक, संप. इटलीत संप आधी जाहीर करून होतो, बऱ्याचदा शुक्रवारी. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात, तसा नियम आहे. ‘शोपेरो’ हा शब्द स्टेशनवर दिसला तर घाबरून टॅक्सी करू नका. सकाळची सातची गाडी धरा.

राहण्याची जागा निवडताना लोक समुद्र दिसतो का ते बघतात. हिवाळ्यात आधी विचारा: खोलीत उष्णतेची काय सोय आहे आणि ती माझ्या हातात आहे का? बाहेर दुपारी पंधरा अंशांच्या आसपास असतं, रात्री आठ-दहा. पुणेकरांना हे आकडे ऐकून काही वाटत नाही. पण सिसिलीची जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली: उंच छत, जाड दगडी भिंती, खाली गार फरशी. शिवाय इटलीत इमारतीचं मध्यवर्ती हीटिंग कधी आणि किती तास चालवायचं हे हवामानाच्या पट्ट्यानुसार कायद्याने ठरलेलं आहे. पालेर्मो, कातानिया, सिराकुझा ज्या पट्ट्यात येतात तिथे ते १ डिसेंबर ते ३१ मार्च आणि दिवसाला आठच तास. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, मध्यरात्री बंद. म्हणून खोलीत स्वतंत्र एसी असावा, गरम हवा देणारा, आणि रिमोट खोलीतच असावा. घरमालकाला बुकिंगच्या आधी तसं लिहून विचारा. लिफ्टचंही त्याच पत्रात विचारा. तिथला ‘पहिला मजला’ जुन्या वाड्यांत चाळीस-चाळीस पायऱ्या वर असतो. पायात घालायला घरातले जाड मोजे आणि सपाता न्या. फरशीचा गारवा सासूबाईंच्या गुडघ्यांना बाहेरच्या वाऱ्यापेक्षा जास्त त्रास देईल.

पालेर्मोत स्टेशनच्या चालत्या अंतरात राहा, पण अगदी दारात नको. क्वात्रो कांती चौकाच्या आसपासचा भाग सोयीचा. नॉर्मन राजवाड्यातली कापेल्ला पालातीना सकाळी पहिल्या तासात बघा. बाराव्या शतकातल्या ख्रिस्ती राजाचं प्रार्थनाघर, भिंतींवर बायझंटाइन धाटणीची सोनेरी मोझेक आणि डोक्यावर अरब कारागिरांनी कोरलेलं, मधाच्या पोळ्यासारखं उतरत येणारं लाकडी छत. मान दुखेल, पण तिथला बाक रिकामा मिळाला तर अर्धा तास बसा; उन्हाळ्यात हे सुख नाही. त्याच राजवाड्यात सिसिलीची विधानसभा भरते, त्यामुळे काही दालनं ठरावीक वारीच उघडी असतात. राजवाड्याजवळच्या पियात्सा इंदिपेंदेन्त्साहून ३८९ क्रमांकाची बस मोन्रेआलेला जाते. तिथल्या कॅथेड्रलमध्ये सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझेक आहे. दुपारच्या बंदच्या आत पोचा.

एक दिवस चेफालू. रेल्वेने तासाभराच्या आत, गाड्याही भरपूर, स्टेशनपासून गाव सपाट. मागचा कडा चढायच्या फंदात सासूबाईंना घेऊन पडू नका, आणि पाऊस पडून गेला असेल तर तुम्हीही नको. आदल्या दिवशी हवामान बघून चेफालूचा दिवस ठरवा, मोन्रेआलेचा दिवस पावसासाठी राखून ठेवा. अशी आदलाबदल करता येणं हाच एका जागी चार रात्री राहण्याचा फायदा.

त्रापानी आणि एरिचे मी गाळते. त्रापानीला पालेर्मोहून बसने साधारण दोन तास, तिथून एरिचेला वर नेणारी केबल कार हिवाळ्यात देखभालीसाठी बंद असते किंवा वाऱ्यामुळे थांबते, आणि वर पोचलात तरी अनेकदा नुसतं धुकं. लिपारीची बेटंही गाळा. मिलात्सोहून सुटणाऱ्या वेगवान बोटी समुद्र खवळला की रद्द होतात, कधी सलग दोन दिवस. परतीचं विमान डोक्यावर असताना बेटावरच्या बेटावर अडकून पडायचं कशाला? बेटांवरची बहुतेक हॉटेलंही तेव्हा कुलूपबंद असतात.

पालेर्मोहून अग्रिजेंतो: थेट रेल्वे, दोन तास, बेटाच्या पोटातून. हिवाळ्यात हा सगळा भाग हिरवागार असतो. उन्हाळ्यात फोटोत दिसतो तो करपलेला पिवळा रंग विसरा. देवळांच्या खोऱ्यात जायला स्टेशनसमोरच्या चौकातून शहर बस आहे. महत्त्वाचं म्हणजे वरच्या बाजूच्या, जुनोच्या देवळाकडच्या प्रवेशद्वारापाशी उतरा आणि खालच्या दाराकडे चालत या. उलट्या बाजूने गेलात तर सगळा चढ लागतो. मधलं कोंकॉर्दियाचं देऊळ इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. सहाव्या शतकात त्याचं चर्च झालं आणि म्हणून ते टिकलं. शेजारच्यांचे दगड लोकांनी नेले. जानेवारीअखेर खोऱ्यातले बदाम फुलायला लागतात. पांढरी-गुलाबी फुलं, पान एकही नाही, आणि मागे मधाच्या रंगाचे खांब. ते नेमक्या कुठल्या आठवड्यात बहरतील हे त्या वर्षीच्या थंडीवर ठरतं, पण दोन रात्री ठेवायचं खरं कारण हेच. एक सकाळ पावसात गेली तरी दुसरी हाताशी राहते.

अग्रिजेंतोहून सिराकुझाला जायचा दिवस प्रवासाचाच धरा. कातानियापर्यंत बस तीन तास, तिथे बसतळ रेल्वे स्टेशनच्या जवळच आहे, आणि पुढे सिराकुझापर्यंत रेल्वे सव्वा तासाच्या आसपास. सकाळची बस धरा, म्हणजे उजेडात पोचाल.

सिराकुझात ओर्तिजा ह्या जुन्या भागातच राहा. स्टेशनपासून बॅगा घेऊन वीस-पंचवीस मिनिटं चाल पडते, तिघांना टॅक्सी करा आणि हा खर्च वायफळ समजू नका. ओर्तिजा जवळजवळ सपाट आहे, म्हणून सासूबाई इथे एकट्याही फिरू शकतील. कॅथेड्रलच्या समोरच्या चौकात सगळेच फोटो काढतात. तुम्ही डाव्या कुशीच्या गल्लीत, व्हिया मिनेर्वात जा. तिथे चर्चच्या भिंतीत ग्रीक देवळाचे डोरिक खांब अर्धे बुडालेले उघड दिसतात. अथेनाचं देऊळ होतं, खांबांमधल्या फटी चिणून चर्च केलं, मध्ये काही काळ मशीदही होती. पावसाने भिजलेल्या दगडावर हात ठेवून चालताना एकेक खांब बोटांना लागतो.

इथून नोतोला एक दिवस. नोतोचं रेल्वे स्टेशन गावाखाली लांब आहे आणि वर यायला चढ, त्यामुळे बसने जा. ती जुन्या वेशीजवळच्या बागेपाशी सोडते, पुढचा मुख्य रस्ता सरळसोट. १६९३च्या भूकंपात हा सगळा टापू उद्ध्वस्त झाला आणि नंतर एका दमात बरोक शैलीत उभा राहिला. नोतो, मोदिका, रगूझा ही त्यातलीच गावं. तिन्ही बघायची ईर्ष्या नको. रगूझा इब्ला आणि मोदिका म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. सासूबाईंना ओर्तिजात उन्हाला बसवून तुम्ही दोघं रेल्वेने मोदिकाला जाऊन या. डिझेलची छोटी गाडी, पावणेदोन तासांच्या आसपास, दगडी कुंपणांच्या शेतांतून जाते. परतीची गाडी आधी ठरवून मगच निघा. चुकली तर पुढची कधी, ते विचारायला स्टेशनवर कुणी नसतं.

मोदिकाचं चॉकलेट प्रसिद्ध आहे, साखर न विरघळता तशीच राहिल्यामुळे दाताखाली रवाळ लागतं. पण त्याच दुकानात करंजीच्या आकाराची ‘म्पानातिग्गी’ नावाची बिस्किटं असतात. आत चॉकलेट आणि बदामाबरोबर गोमांसाचा खिमा असतो. चवीला अजिबात कळत नाही. शाकाहाऱ्यांनी हे नाव पाठच करून ठेवावं.

खाण्याचं एकूण काय? शाकाहारी माणूस सिसिलीत उपाशी राहत नाही, पण फसतो. पालेर्मोत पानेल्ले, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या पातळ वड्या, पावात घालून मिळतात. सासूबाईंना घरच्यासारखं वाटेल. वांगी-टोमॅटोची कापोनाता, वांग्याचा पास्ता आल्ला नॉर्मा, हिवाळ्यात सुक्या बाकल्याचं दाट सार, त्याला ‘माक्कू’ म्हणतात, आणि मोदिका-रगूझाकडची टोमॅटो-चीजची घडीची ‘स्काच्चा’. हे बिनधास्त. पालेर्मोच्या लोण्याच्या अरांचिनात, म्हणजे तळलेल्या भाताच्या गोळ्यात, बहुधा हॅम असतं, स्फिन्चोने ह्या जाड पिझ्झ्यावर खारवलेली मासळी. कान्नोली ह्या गोड चीज भरलेल्या नळीचं कवच आणि ब्रियोश हा गोडसर पाव ह्यांत डुकराची चरबी असू शकते, ‘चे स्त्रुत्तो?’ एवढं विचारा. लाल गराची संत्री मात्र ह्याच दिवसांत येतात, बाजारातून किलोने घ्या आणि रोज प्रवासाला बांधा.

कातानियाला २ तारखेला पोचा. ३ ते ५ फेब्रुवारी तिथे सांता आगाताचा उत्सव असतो, शहराच्या ग्रामदेवतेचाच म्हणा ना. हॉटेलं लवकर भरतात, दर चढतात, म्हणून ह्या दोन रात्री सगळ्यात आधी बुक करा, अगदी विमानाच्या पाठोपाठ. ३ तारखेला मेण अर्पण करणाऱ्यांची मिरवणूक आणि रात्री कॅथेड्रलसमोर आतषबाजी. गर्दी अफाट असते. सासूबाईंना घेऊन चौकात घुसू नका, व्हिया एटनेआवर थोडं लांब उभं राहून दिसतं तेवढं पुष्कळ. पुढचे दोन दिवस भाविक पेटत्या मोठ्या मेणबत्त्या खांद्यावर घेऊन चालतात आणि त्या वितळलेल्या मेणाने रस्ते इतके निसरडे होतात की भुसा टाकावा लागतो. तळव्याला पकड असलेले बूट हवेत, तसेही काळ्या लाव्ह्याच्या फरशीवर पावसात ते लागतातच.

एटनाचं ठरवून जाऊ नका, जमलं तर जा. कातानिया स्टेशनजवळून सकाळी सव्वाआठच्या सुमारास एकच बस रिफुजो सापिएन्त्साला जाते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास परत निघते. ते ठिकाण साधारण १,९०० मीटरवर आहे, म्हणजे बर्फ आणि बोचरा वारा, आणि वारा वाढला की वरची केबल कार बंद. आकाश स्वच्छ असेल तर त्यापेक्षा ताओर्मिना करा. बसने तास-सव्वा तास, गावातली निम्मी हॉटेलं बंद असली तरी ग्रीक नाट्यगृह उघडं असतं, आणि तिथल्या पायरीवरून बर्फाने झाकलेला एटना अख्खा दिसतो.

व्हिसाचं काम ह्या आखणीने सोपंच होतं. मुक्काम चारच, त्यामुळे बुकिंगचे कागदही चारच. अंतर्गत प्रवासाला बस आणि रेल्वे एवढं पत्रात लिहा, तिकिटं जोडायची गरज सहसा पडत नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, नोव्हेंबरपर्यंत लांबवू नका.

राहिला ४ तारखेचा परतीचा दिवस. त्या दिवशी पहाटेच्या प्रार्थनेनंतर मिरवणूक निघते, मध्यवर्ती रस्ते बंद होतात आणि विमानतळाची बस मार्ग बदलते. टॅक्सी वेळेवर दारात येईल ह्या भरवशावर राहू नका. स्तेसिकोरो मेट्रो स्टेशनच्या चालत्या अंतरात खोली घ्या, तिथून मेट्रोने जोवान्नी व्हेन्तित्रेएझिमोला उतरा, समोरच रेल्वेचं मुख्य स्टेशन आहे. तिथून प्रादेशिक गाडीने काही मिनिटांत विमानतळाचं स्टेशन येतं. ते टर्मिनलच्या दारात नाही. पुढे थोडं चालावं लागतं किंवा शटल बस घ्यावी लागते, त्यासाठी पाऊण तास हाताशी ठेवा.